उपासाचा लाल दोरा

शेंगदाण्याच्या दुधात मी सोयाबीनचं दूध मिसळलं आणि त्या बाटल्यांच्या मानेला उपासाचा लाल दोरा स्वतःच्या हातानं बांधला. एका श्रावणात, तीन सोमवार. पनवेलमध्ये माझ्याकडून दूध घेणाऱ्या कोणालाही तेव्हा ते कळलं नाही. कळलं असतं तर माझा धंदा बसला असता, एवढंच. कळलं नाही म्हणून जे झालं ते त्याहून वाईट होतं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "तुमचा व्यवसाय जरा वेगळा आहे, त्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, त्याही सांगतो. पण ही गोष्ट आधी कबूल केल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

मी मूळचा दूधवाला नाही. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला होतो. आमच्या धाकट्या मुलीला दूध पचत नसे. कपभर प्यायली की तासाभरात पोट धरून बसायची. मुलांच्या डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं. दुधाशिवाय मूल वाढतं यावर आमच्याकडे कोणाचाच विश्वास नव्हता. माझी बायको शैला महिला मंडळाच्या एका पाककृतीच्या वर्गात शेंगदाण्याचं दूध शिकली होती. तिनं ते करून बघितलं, वेलची आणि थोडा गूळ घातला, आणि मुलीनं तोंड वाकडं न करता संपवलं. पुढं त्याच डॉक्टरांनी आणखी दोन-तीन आयांना आमच्याकडे पाठवलं. मग कारखान्याला टाळं लागलं आणि मी घरी बसलो. शैलाच्या मिक्सरच्या जागी मोठा ग्राइंडर आला, आणि बाजारपेठेमागच्या गल्लीतली आमची पुढची खोली दुकान झाली.

काम सांगायला सोपं आहे. दाणे रात्री भिजत घालायचे, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. सकाळी चोळून सालं काढायची. साल राहिलं तर दूध करड्या रंगाचं होतं आणि घशाशी तुरट लागतं. मग स्वच्छ पाण्यात दाण्यांना एक उकळी द्यायची, म्हणजे कच्चा वास जातो. गरम पाणी घालत वाटायचं, मलमलच्या कापडातून पिळून घ्यायचं आणि पुन्हा उकळायचं. या शेवटच्या उकळीला पातेल्यापासून हलायचं नाही. गाईचं दूध उतू जाण्याआधी निदान सायीचा तरी पडदा धरतं. हे एकदम फेसानं वर येतं आणि खाली तळाला लागतं. पातेलं घासणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. आमच्याकडे ते काम माझं होतं.

राहिलेला चोथा आम्ही टाकत नसू. त्याची चटणी व्हायची, शैला त्याचे लाडू करायची. गल्लीतली मंडळी म्हणत, "दूध कसं आहे माहीत नाही, पण लाडू फर्मास."

गिऱ्हाईक नवीन असलं की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "कोणासाठी?" तान्ह्या बाळासाठी कोणी मागितलं तर देत नसू. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की हे जेवणाऱ्या मुलांचं दूध आहे, आईच्या दुधाची जागा याला देऊ नका. त्यावरून एका आजोबांनी माझ्याशी भांडण केलं होतं. "पैसे मी देतोय ना? मग चौकशा कसल्या करता?" मी दिलं नाही. त्या बाबतीत माझी पाटी कोरी आहे, हे लिहिताना बरं वाटतं. सगळीच पाटी कोरी असती तर आणखी बरं वाटलं असतं.

नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये मी सायकलवरून बाटल्या पोचवायचो. तिथं एक बँकेतले साहेब होते. त्यांना प्रकृतीसाठी दूध वर्ज्य होतं आणि दह्यावाचून जेवण जात नव्हतं. त्यांनी आमच्या दुधाला विरजण लावायचा ध्यासच घेतला. दर दोन-तीन दिवसांनी वाटी पुढं करायचे. "बघा, आज लागलंय." बघावं तर वाटीत थलथलीत काहीतरी, वर बोटभर पाणी. मी म्हणायचो, "लागल्यासारखं दिसतंय खरं." त्यांच्या पत्नी आतून म्हणायच्या, "लागलंय ते ह्यांना. दह्याचं वेड." पुढं त्यांनी त्याचीच कढी करायला सुरुवात केली आणि ती मात्र चांगली होत असे, मी खाल्ली आहे.

चहाची तक्रार तर रोजची. "तुमचं दूध नासकं होतं, चहात फाटलं." मग मी प्रत्येक दारात उभा राहून चहाचा वर्ग घ्यायचो. चहा उकळून गॅस बंद करा, आलं कमी घाला, दूध वेगळं गरम करून वरून ओता. एक बाई म्हणाल्या, "एवढं सगळं करायचं तर कोराच पिईन की." त्यानंतर त्या खरोखरच कोरा पिऊ लागल्या आणि आमचं गिऱ्हाईक सुटलं.

पण धंद्याला खरा हात दिला तो उपासानं. शेंगदाणा उपासाला चालतो, त्यामुळं सोमवार, चतुर्थी, एकादशीला आमची मागणी दुप्पट व्हायची. उपासाचं दूध शैला वेगळं करायची. ग्राइंडर धुऊन सकाळचा पहिला घाणा उपासाचा, बाकीचं नंतर. ओळखू यावं म्हणून त्या बाटल्यांच्या मानेला ती लाल दोरा गुंडाळायची. आधी ती नुसती खूण होती. हळूहळू लोक दोरा बघितल्याशिवाय बाटली घेईनात. आमच्या दुकानाला पाटी नव्हती. तो दोरा हीच आमची पाटी.

हिरूमावशी त्या दोऱ्यावर विसंबून आलेल्या.

त्या उरणच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या, आगरी. एके काळी त्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि पनवेलच्या अर्ध्या बाजारपेठेला त्यांचं दूध जायचं. जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, चारा कुठून आणायचा हा प्रश्न आला, म्हशी विकल्या. त्यांचा मुलगा काशिनाथ कळंबोलीहून ट्रक चालवायचा. घाटात त्याला अपघात झाला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पायात सळई घालून तो घरी पडून होता. मावशींनी सोळा सोमवार धरले, आणि वर दूध सोडलं. नवस करताना आपल्याला सगळ्यात आवडेल ते सोडायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आणि या बाईनं जन्मभर धारोष्ण दूध गोठ्यातच उभ्यानं प्यायलं होतं.

पहिल्या दिवशी त्या पायरीवर बसल्या, बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि मला म्हणाल्या, "म्हशीला चार सड असतात. तुज्या शेंगंला किती रं?"

मी म्हटलं, "एकही नाही मावशी. म्हणून तर पिळावी लागते."

"लाथ तरी मारीत नाय ना?"

"पातेलं घासताना मारते."

त्या हसल्या. बाटली तोंडाला लावून थोडं प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दूध नाय. पन वाईट बी नाय." तेव्हापासून दर सोमवारी सहा आसनी रिक्षानं पनवेलला यायच्या, महादेवाला जायच्या आणि येताना आमच्या पायरीवर बसून अर्धी बाटली प्यायच्या. उरलेली घरी न्यायच्या. दिवसभरात पोटात जायचं ते तेवढंच, संध्याकाळच्या प्रसादापर्यंत. सोळातला एक जरी मोडला तरी पुन्हा पहिल्यापासून, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

आता तो श्रावण.

रविवारी व्यापाऱ्याकडून आलेलं पोतं मी न बघता ठेवून दिलं. सोमवारी पहाटे भिजलेले दाणे उपसले तर खवट वास. पोत्यात हात घातला तर मधले दाणे बुरशीनं हिरवट झालेले. ते सगळे मी उकिरड्यावर टाकले. तिथपर्यंत मी बरोबर होतो. घरात चांगले दाणे निम्मेच होते. आणि एका डब्यात सोयाबीन भिजत होतं. ते मी काही दिवस करून बघत होतो, कारण ते स्वस्त पडतं आणि दूध दाट होतं.

शैला म्हणाली, "आज निम्म्या लोकांना नाही म्हणून सांगा."

"श्रावणी सोमवारी नाही म्हटलं तर पुन्हा कोण येईल?"

"पण हे कडधान्य आहे."

आणि मग मी ते वाक्य बोललो. "शेंगदाणा तरी कोण आहे? तोही शेंगेतच होतो. शास्त्रानं बघितलं तर दोघं भाऊ."

"तुमच्या शास्त्रानं उपास धरलेला नाही. लोकांनी धरलाय."

मी मिसळलं. तिनं दोऱ्याचं रीळ माझ्या पुढ्यात ठेवलं आणि आत गेली. "मी बांधणार नाही. तुम्ही बांधा." मी बांधला. गाठ नीट येईना, एवढं आठवतं.

हिरूमावशी आल्या, बसल्या, प्यायल्या. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "आज घट हाय. तुजी म्हैस चांगली चरली वाटतं."

मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

पहिल्या सोमवारी अडचण होती असं म्हणता येईल. पुढच्या दोन सोमवारी ती नव्हती. दाणे मिळत होते, महाग होते. कोणाला फरक कळला नाही, उलट दोघा-तिघांनी दाटपणाची तारीफ केली, आणि मी तसंच चालू ठेवलं. चौथ्या सोमवारी शैलानं सोयाबीनचा डबाच शेजारी देऊन टाकला. मनातून सुटल्यासारखं झालं आणि मी ते प्रकरण संपलं असं धरून चाललो.

मावशींचे सोळा सोमवार पुरे झाले. उद्यापनाचा प्रसाद त्यांनी आम्हालाही आणून दिला. त्यानंतर काशिनाथ उभा राहिला, पण पाय आखूड पडला होता. काठीशिवाय चालता येईना, आणि ट्रक तर कायमचा सुटला; पुढं त्यानं गावातच एक टपरी टाकली. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलं. मी स्वतःला तेच सांगितलं. हाडाचा आणि सोयाबीनचा काय संबंध? आजही मला विचाराल तर काही संबंध नाही.

पण त्या घरात तसा विचार झाला नाही. नेमात कुठंतरी खोट राहिली, असं कोणीतरी बोललं. खोट राहिली तर ती कोणाकडून राहणार? जन्मभर दुधावर वाढलेल्या म्हातारीकडून. मावशी एकदा पायरीवर बसून मला हे सांगत होत्या.

"सून तोंडानं काय बोलत नाय. पन मी चुलीपाशी गेली का तिचं डोलं माज्या हातावर. म्हातारीनं चोरून चहा घेतला असंल, असं त्यांना वाटतं."

"काशिनाथलाही?"

"तो तं माज्याशी बोलतच नाय धड." मग म्हणाल्या, "मना बी आता वाटतं. झोपंत उठून प्याले का काय? कायतरी माजाच चुकला असंल."

मी समोर उभा होतो. हातात फडकं होतं. 'मावशी, तुमचं काही चुकलं नाही', एवढं बोलायला काय लागलं असतं? पण त्याच्या पुढचं वाक्य मला बोलावं लागलं असतं. मी म्हणालो, "असं मनात आणू नका," आणि बाटल्या विसळायला लागलो.

त्यांनी सोळा सोमवार पुन्हा धरले. ते झाल्यावर, पुढच्या श्रावणात, आणखी एकदा. माझा उपाय असा की मी त्यांची बाटली जिवापाड जपून करायचो. ग्राइंडर दोनदा धुवायचो, दाणा न् दाणा निवडायचो, सोमवारी गूळसुद्धा नव्या ढेपेतला फोडायचो. शैला बघत असायची. एकदा म्हणाली, "आता कितीही धुवा तो ग्राइंडर."

तिसऱ्या खेपेला मावशी अगदी उतरल्या होत्या. भाद्रपदातल्या एका सोमवारी त्या पायरीवर टेकल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. आम्ही दोघांनी त्यांना समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली आहे, या वयात हे उपास बंद करा. कंपाउंडरनं ग्लुकोजचं पाणी पुढं केलं. मावशींनी ओठ घट्ट मिटले.

"काय घातलाय त्यात?"

"साखर आहे आजी, प्या."

"मना नको." डॉक्टर समजावायला लागले तशी त्यांनी मान फिरवून मला शोधलं. "ह्याला ईचारा. ह्याला उपासाचं समजतं. हा चालतं बोल्ला तं पिते."

दवाखान्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "चालतं मावशी." त्या लगेच प्यायल्या.

ते उत्तर खरं होतं. पण त्यांनी ज्याच्या शब्दावर पेला तोंडाला लावला तो माणूस कसा आहे हे मला माहीत होतं, आणि शैलाला. घरी आल्यावर मीच म्हणालो, "उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी बाटली न घेता त्यांच्या गावी गेलो. मावशी ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. "आज मंगलवार. वाट चुकलास का?" म्हणाल्या. मी खाली बसलो आणि एका दमात सांगितलं. खवट दाणे, सोयाबीन, दोरा, तीन सोमवार. त्यांचा हात सुपावर फिरत राहिला.

"सोयाबीन म्हंजी काय?"

"कडधान्य. उपासाला चालत नाही."

"मंग नाय बोलाचा व्हता. दूध नाय म्हनून सांगाचा. मी पानी पिऊन रायली असती."

इतकी साधी गोष्ट होती. मला त्या पहाटे ती सुचली नव्हती, कारण मी माझ्या गिऱ्हाइकाचा विचार करत होतो, उपास धरणाऱ्या बाईचा नाही.

मावशींनी सुपातले तांदूळ एकदा पाखडले. मग सूप बाजूला ठेवलं. "म्हंजी माज्याकडून नाय मोडला."

"नाही."

"झोपंत बी नाय."

"नाही, मावशी."

त्या रागावतील अशी तयारी करून मी गेलो होतो. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत हाक मारली, "रंजना, भायेर ये." सून हात पुसत आली. "आता हिच्या म्होरं बोल," मावशी मला म्हणाल्या.

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त जड गेलं, कारण रंजना माझ्याकडे बघतच नव्हती. ती सासूकडे बघत होती. तिनं खाली पडलेले तांदळाचे दाणे गोळा करून सुपात टाकले आणि सासूला टेकून बसली.

मी उठायला लागलो, तसा मावशींचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "बस खाली. कुठं चाललास? काशिनाथ टपरीवरून येल जेवाला. तीन सोमवार तुजं, ते मी सोडलं. पन वरीसभर मी तुज्या पायरीवर बसून रडत व्हती, आन तू बाटल्या धुवत व्हतास. त्याचा काय?"

मी बसून राहिलो. रंजनानं पाणी आणून दिलं, ते प्यायलो. मावशींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

काठीचा आवाज आधी आला, मग काशिनाथ आला. मला बघून म्हणाला, "काय शेट, आज घरपोच?" मग तिघांचे चेहरे बघून ओटीच्या खांबाला धरून उभा राहिला.

मी उभा राहिलो. वाटेत येताना बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. जे बोललो ते असं:

"काशिनाथ, तुझ्या आईनं नेम मोडला नाही. चोरून दूध घेतलं नाही, चहा घेतला नाही. मी उपासाच्या बाटलीत सोयाबीन घातलं आणि तिला ते उपासाचं म्हणून पाजलं. ती स्वतःला दोष देत होती तेही मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. तुझ्यासमोर तिची माफी मागतो. मावशी, माझं चुकलं. दूध दिलं तेही चुकलं, आणि त्यानंतर दर सोमवारी मी तुमच्यासमोर गप्प उभा राहिलो, ते जास्त चुकलं."